सूप, सोंग आणि शुभेच्छांचा खोका

दिवाळीच्या भेटीवर टीका लिहायची म्हणजे शेजारणीच्या फराळाला गुण देण्यासारखे आहे. चकली मऊ पडली असली तरी ‘छान झाली आहे हो’ म्हणायचे, हा आपला शिष्टाचार. तो मोडणारा माणूस पुढल्या वर्षी ताटाला मुकतो. भेटवस्तूचेही तसेच. त्यातून ती ‘हाताने केलेली’ असेल आणि करणारे हात जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या पाड्यावरचे असतील, तर टीका हा नुसता अशिष्टपणा राहत नाही, निर्दयपणा ठरतो. तरीही मी ती करणार आहे. गेली काही वर्षे दिवाळीच्या सुमारास या वस्तूंचे जे कौतुक चालते, ते ऐकताना मला सारखे वाटत आले आहे, की या कौतुकात वस्तूचा वाटा थोडा आणि आपल्याच दयाबुद्धीचा वाटा मोठा. ज्या वस्तूला वाईट म्हणायची सोय नाही, तिला चांगलेही कोणी मनापासून म्हणत नाही.

यंदा माझ्यापुढे असा एक खोका आहे. एका स्नेह्यांनी तो मोठ्या हौसेने पाठवला. आत गेरूच्या रंगाच्या चार पणत्या, त्यांवर पांढरी माणसे. एक चिनी मातीचा पेला, त्याच्या पोटावर तारप्याचा नाच. बांबूच्या कामट्यांचा वीतभर आकाशकंदील. आणि तळहाताएवढा एक कागदी मुखवटा. सोबत छापील पत्रिका: या वस्तू आदिवासी भगिनींनी प्रेमाने घडवल्या आहेत. कोणत्या भगिनींनी, कोणत्या गावी, हे पत्रिकेत नाही. जव्हार हे एकच नाव आहे, तेही दुकानदाराने शोभेसाठी घातल्यासारखे.

जव्हार मला अपरिचित नाही. मनोर-विक्रमगडकडून चढणारा रस्ता आणि त्र्यंबक-मोखाड्याकडून येणारा, असे दोन्ही रस्ते मी अनेकदा तुडवले आहेत. मुकण्यांचे हे महादेव कोळी संस्थान १९४८ साली विलीन झाले; २०१४ साली ठाण्याचा पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि जव्हार त्यात आले. गावात जयविलास राजवाडा उभा आहे, सूर्यास्त पाहायला लोक येतात, आणि गावाच्या चहूकडे डोंगरउतारावर वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे पसरले आहेत. पर्यटकांची गर्दी पावसाळ्यात धबधब्यांसाठी असते. दिवाळीच्या सुमारास मात्र गाव आपल्या लोकांचे असते. भात कापणीला आलेले, नागली-वरई खळ्यावर यायच्या बेतात, आणि घरोघर तवसे किसून तांदळाच्या पिठात कालवून पानांत उकडलेली गोड भाकरी. वाघबारशीला वाघदेवाला मान मिळतो. आपल्या वसुबारशेच्या सवत्स गाईशेजारी हा वाघ उभा करून पाहावा. एकाच तिथीची ही दोन रूपे मला फार आवडतात.

आता खोक्याकडे वळतो.

पेल्यावरचा तारप्याचा नाच पहिल्यांदा घेतो, कारण चित्र तेच सर्वांच्या ओळखीचे. तारपा हे दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे वाद्य. वाजवणारा मध्ये असतो. नाचणाऱ्यांची साखळी एकमेकांच्या कमरेला विळखा घालून त्याच्याभोवती फिरते, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही हा तिचा नियम. ही साखळी बंद कडे नसते. तिला एक डोके असते आणि एक शेपूट असते. ती वेटाळत आत येते, उलगडत बाहेर जाते, आणि शेपटाशी नेहमी एखाद्या माणसाला येऊन मिळता येते. भिंतीवर किंवा कागदावर हा नाच काढताना चित्रकाराला म्हणूनच प्रत्येक वेळी विचार करावा लागतो: वेटोळे कुठे सुरू करायचे, किती सैल ठेवायचे, शेवटचा माणूस कुठे सोडायचा. माझ्या पेल्यावर माणसांनी पेल्याभोवती फेर धरला आहे आणि सुरुवात-शेवट एकमेकांना चिकटवून टाकले आहेत. तारपा वाजवणारा बाजूला, पेल्याच्या कानाशी उभा आहे. त्यामुळे अर्धी मंडळी त्याच्याकडे पाठ करून नाचतात. पेला गोल आहे म्हणून नाच बंद झाला. पेल्याला कान आहे म्हणून वादक हद्दपार झाला. काढणाऱ्या हाताला इथे ठरवायला काही उरलेलेच नव्हते. माणसे सुबक आहेत, दोन त्रिकोणांची टोके नेमकी जुळली आहेत, रेघ कुठे थरथरलेली नाही. पण अशी शंभर माणसे एका बैठकीत काढल्यावर येणारी ही सफाई आहे. पापड लाटणाऱ्या बाईचीही सफाई असते. तिला आपण चित्रकर्ती म्हणत नाही, आणि तीही म्हणवून घेत नाही.

पणत्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तेल आत ओतले की गेरू सुटतो, आणि पाडव्यापर्यंत ती पांढरी माणसे काजळीखाली जातात. वस्तू दिवाळीची आणि दिवाळीलाच निरुपयोगी. कुंभाराची बिनरंगाची पणती यापेक्षा किती तरी शहाणी.

यावर एक उत्तर तयार असते, आणि ते ऐकवणारे लोक प्रामाणिक असतात. ते म्हणतात, ही चित्रकला बाजारात आलीच कशाला? ती लग्नघराच्या भिंतीवरची. शेणमातीवर गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाचे पांढरे, बांबूची चावून मऊ केलेली काडी. सवासिणींनी चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसायची, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, आणि धवलेरीने लग्न लावायचे. चौक लिहिल्याशिवाय लग्न नाही. लग्न उरकले की चित्राचे काम संपले. पुढे धूर, पाऊस आणि नवे सारवण. अशा चित्राला खोक्यात घालणे हाच अपराध, असे हे म्हणणे.

मला ते पटत नाही. एक तर, त्या भिंतीचे जे सोवळे रूप आपण मनात धरतो, ते शहरात बसून धरलेले आहे. याच मुलखात, डहाणू-उंबरगावकडे, १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. त्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. त्यात ‘लग्नगडी’ भेटतो. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. फेड संपत नसे, जन्म संपे. भिंतीवर चौक लिहिला जाई, देवी बसे, आणि त्याच मांडवातून एक नवे जोडपे गुलामगिरीत जाई. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली. चित्र पवित्र होते यात शंका नाही. पण भिंत तशीच राहायला हवी होती असे म्हणणाऱ्याने, त्या भिंतीमागे काय राहायला हवे होते, तेही सांगावे.

दुसरे असे, की बाजाराने या चित्राचे सगळे वाटोळेच केले, हेही खरे नाही. भास्कर कुलकर्णी नावाच्या कलावंताची इथे आठवण केलीच पाहिजे. पुपुल जयकरांच्या प्रेरणेने हस्तकला मंडळाच्या वतीने ते बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेत गेले आणि तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. पुढे १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत तोच कागद घेऊन ते वारल्यांमध्ये आले. बायका कागदाला लाजल्या. पुढे आले ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. आई लहानपणी गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला होता आणि धुळीत रेघा ओढून मनातले सांगत असे, असे त्यांच्याविषयी सांगतात. चौक लिहिणे हे बायकांचे काम. त्यात हा पुरुष शिरला, आणि लग्नाशिवाय, नुसती हुक्की आली म्हणून चित्रे काढू लागला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे लागली, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांचे मासे धरण्याचे जाळे ज्याने पाहिले असेल त्याला माझे म्हणणे लगेच कळेल. अख्खा कागद बारीक डोळ्यांच्या जाळ्याने भरलेला; ते जाळे फुगते, लोंबते, वाऱ्याने हलते, आणि कडेला एवढीशी माणसे. भिंतीवरच्या चौकाने हे कधी मागितले नसते. कागद मोकळा होता, म्हणून चित्र वाढले.

तेव्हा प्रश्न भिंत की बाजार, असा नाहीच. बाजारातल्याच एका जागी चित्र वाढते आणि दुसऱ्या जागी आकसते. टीकाकाराने ती जागा दाखवावी. माझी कसोटी साधी आहे: वस्तू करणाऱ्याला ती करताना काही ठरवावे लागले का? मशे यांना प्रत्येक कागदावर ठरवावे लागले. पेलेवालीला कोणी तरी आधीच ठरवून दिले होते. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण त्याने मूळ मुलूख कळतो, चित्र कसे उतरले ते कळत नाही. मूळ मुलखातलेही चित्र वाईट असू शकते.

हीच कसोटी बांबूला लावून पाहू. खोक्यातला आकाशकंदील गोंडस आहे. विक्रमगडकडे बायका असे कंदील आणि राख्या करतात, आणि बरे करतात. यात मला खोट काढायची नाही. कामट्या नीट तासलेल्या आहेत, सांधे घट्ट आहेत. फक्त घरोघर मुलांनी भाताच्या खळीने चिकटवलेल्या, एका बाजूला कललेल्या, पतंगी कागदाच्या कंदिलाची जागा त्याने घेऊ नये. तो कललेला कंदील ही महाराष्ट्रातली सर्वांत मोठी हस्तकला आहे. तिला मानांकन लागत नाही. शेपट्या मात्र लागतात.

पण जव्हारच्या बाजारात बांबूची जी वस्तू मला सर्वांत सुंदर वाटली, ती कोणी भेटीच्या खोक्यात घालत नाही. ती म्हणजे सूप. मी एका म्हाताऱ्याशेजारी अर्धा दिवस बसून ते विणताना पाहिले. ओला बांबू कोयत्याने चिरायचा, मग सुरीने पट्ट्या काढायच्या, इतक्या पातळ की उन्हाकडे धरल्या तर बोटाची सावली दिसावी. सुपाला तीन बाजूंनी काठ आणि एक बाजू मोकळी. झटका दिला की दाणा मागच्या काठाकडे सरकला पाहिजे आणि फोल पुढून उडाले पाहिजे. म्हणून तळाला किंचित पोट, ते किती द्यायचे हे विणताना हाताला कळते. भात पाखडायचे सूप वेगळे आणि वरई पाखडायचे वेगळे, कारण वरईचा दाणा मोहरीएवढा. वीण जरा सैल पडली तर वर्षाचे पीक भोकांतून जाईल. म्हाताऱ्याने पहिला प्रश्न मला हाच विचारला: काय पाखडणार? मला उत्तर देता आले नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा कीव करून पाहिले.

जपानात यानागी सोएत्सु नावाच्या विचारवंताने १९२५ च्या सुमारास अशाच रोजच्या वस्तूंसाठी, वाडग्यांसाठी आणि टोपल्यांसाठी, ‘मिंगेई’ हा शब्द काढला आणि १९३६ साली तोक्योत त्यांचे संग्रहालय उभे केले. अनाम कारागीर रोजच्या वापरासाठी करतो त्यातच खरे सौंदर्य, असे त्यांचे म्हणणे. अर्धे मला मान्य आहे. ‘अनाम’ या शब्दाशी माझे भांडण आहे, त्याकडे पुढे येतो.

सूप ही भेटवस्तू नव्हे असे मानणाऱ्याने कोकणातली गौरीपूजनाची चाल आठवावी. नव्या सुनेचा ओवसा सुपांनीच भरायचा. फळे, पाने, खण घातलेली ती सुपे मोठ्यांच्या हाती द्यायची आणि नमस्कार करायचा. भेट म्हणजे सूपच. आणि लक्ष्मीपूजनाला आपण काय आणतो? शिंदीच्या पानांची केरसुणी. तिला हळदकुंकू वाहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने झाडतो. दिवाळीत घरोघर येणारी ही हातची वस्तू. तिला कोणी ‘हस्तकला’ म्हटल्याचे माझ्या कानांवर नाही. शहरी दुकानात मात्र मी सूप पाहिले ते पाखडण्याच्या बाजूवर वारली माणसे रंगवून, वरून चकचकीत रोगण देऊन, भिंतीला टांगलेले. नाचणारी माणसे बरोबर त्या पोटावर, जिथे दाणा घसरायचा. सुपावरही अन्याय आणि चित्रावरही.

आता मुखवटा. याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण खोक्यातली खरी कलावस्तू हीच होऊ शकली असती.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. होळी उलटली की उन्हाळ्यात गावोगाव देवीच्या उत्सवात रात्री सोंगे नाचतात. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव त्यासाठी प्रसिद्ध आहे. संबळ आणि सनई वाजते, टेंभे पेटतात, आणि एकेक सोंग वाटेवरून नाचत येते: आधी गणपती, मोरावरची शारदा; मग नरसिंह, भीम, त्राटिका, वेताळ, दहा तोंडांचा रावण; आणि पहाटेकडे देवी आणि म्हैशासुर यांचे युद्ध. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे, याचे मान पुष्कळ ठिकाणी ठरलेले असतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत; मग कागदाचे आले. मातीच्या साच्यावर कागदाचे थरावर थर चढवायचे, वाळवायचे, साच्यापासून सोडवायचे, रंगवायचे. आमच्याकडे जुन्या सुपाला कागदाचा लगदा आणि मेथी कुटून लिंपत, त्याच जातीचे हे काम. फक्त इथे त्यातून राक्षस निघतो.

या मुखवट्यांकडे दिवसा दुकानाच्या दिव्याखाली पाहिले तर ते भडक वाटतात. डोळे बटबटीत, दात बाहेर, गाल निळेजर्द, कडेला पिवळा पट्टा. पण ते ज्या उजेडासाठी केले आहेत तो उजेड टेंभ्याचा आहे, हलता आहे, आणि पाहणारा वीस पावलांवर, अर्धवट झोपेत, मांडीवर मूल घेऊन बसलेला आहे. सोंग दोन पावले पुढे, एक मागे झुलते, तेव्हा एका क्षणी कपाळ उजळते आणि हनुवटी काळोखात जाते. पुढल्या झोक्याला उलटे. भडकपणा तिथे भरून निघतो. किंबहुना फिका मुखवटा तिथे दिसणारच नाही. आत बसलेल्या माणसाला दिसावे म्हणून भोके ठेवलेली असतात. ती कुठे ठेवायची, म्हणजे देवाचे तोंड बिघडणार नाही आणि माणूस ठेचकाळणार नाही, यात करणाऱ्याचे अर्धे कसब आहे.

माझ्या खोक्यातल्या मुखवट्याला भोके नाहीत. डोळे रंगवलेले आहेत. भिंतीवर टांगायचा म्हटल्यावर भोके नकोत, हे बरोबरच. पण बाकी सगळे मोठ्या मुखवट्याचेच ठेवले आहे, नुसते लहान केले आहे: तोच निळा, तेच दात, तेवढेच डोळे. वीस पावलांवरून गरजणारे तोंड दोन हातांवर आणून ठेवले, तर ते ओरडते. म्हणून शहरातली माणसे त्याला ‘गमतीदार’ म्हणतात आणि मुलांच्या खोलीत लावतात. वेताळाला याहून वाईट गती नसेल.

आणि तरीही लहान मुखवटा चांगला होऊच शकत नाही असे मी म्हणणार नाही, कारण मी एक चांगला पाहिला आहे. जव्हारहून फार लांब नसलेल्या एका गावी, मुखवटे करणाऱ्या एका घरात, पडवीच्या खुंटीला वीतभर नरसिंह होता. आयाळ मोठ्या सोंगासारखी भडक पिवळी नव्हती. वाळल्या गवताच्या रंगाची होती. जबडा उघडा, पण दात आत घेतलेले. डोळ्यांच्या कडांना एकच तांबडी रेघ. मी विचारले, हा असा वेगळा का? करणारा म्हणाला, “हा भिंतीवर बसनार ना. मानूस जवळून बघनार. दात बाहेर काढून काय करायचं?” मशे यांच्या हाती कागद आल्यावर जे झाले, ते इथे लहानपणाच्या अडचणीतून झाले होते. नवे गिऱ्हाईक, नवी जागा, नवा उजेड. आणि त्या सगळ्याचा विचार करून बदललेला नरसिंह. यापूर्वी असे किती केले, असे विचारता तो म्हणाला, दुकानवाल्यांना निळे लागतात, दातवाले.

इथे किमतीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून टीका करता येत नाही. दिवाळी आटोपली, भात घरात आले, की या तालुक्यांतली किती तरी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. मुकादमाची उचल सणाच्या आधीच घरात आलेली असते आणि सणातच खर्च होते. भेटवस्तूंचा हंगामही नेमका तोच. एखाद्या घराला या दिवसांत मुखवट्यांचे, सुपांचे पुरेसे पैसे मिळाले, तर उचल थोडी कमी घ्यावी लागेल. म्हणून ‘गरीब आहेत, घ्या काही तरी’ हे म्हणणे मला परवडणारे वाटत नाही. कीव म्हणून घेतलेली वस्तू एकदाच घेतली जाते, स्वस्तात घेतली जाते, आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या कीवेकडे गिऱ्हाईक वळते. वस्तू चांगली म्हणून घेतली, तर माणूस परत त्याच दाराशी येतो आणि मागल्या वर्षीपेक्षा ही बरी की वाईट हे सांगतो. सोनाराशी, शिंप्याशी आपण असेच वागतो. पाटल्या नीट झाल्या नाहीत तर सोनाराला बोलतो. त्याच्या गरिबीची चौकशी करत नाही.

पण परत त्याच दाराशी यायचे, तर दार माहीत हवे. यानागींशी माझे भांडण ते इथे. अनाम राहण्यात कारागिराला काही मोठेपणा मिळत असेल, तर तो त्याला विचारून द्यावा. माझ्या खोक्यातल्या पत्रिकेवर दुकानाचे नाव ठळक आहे, छापखान्याचेही बारीक अक्षरात आहे. पेलेवालीचे नाही. तिने कधी बंद कड्याऐवजी सुटा नाच काढला, वादकाला मध्ये आणला, तर ते मला कळणार कसे, आणि मी तिला कळवणार कसे?

तो नरसिंह मी घेतला. करणाऱ्याने सांगितली तीच किंमत दिली. ती दुकानातल्या निळ्या मुखवट्यापेक्षा जास्त होती, आणि तशीच असायला हवी होती. बांधून देण्यापूर्वी मी त्याला आत नाव लिहायला सांगितले. तो हसला. मग मुलाची पेन्सिल मागवून, मुखवटा उलटा करून, जिथे वर्तमानपत्राचा शेवटचा थर बिनरंगाचा राहिला होता तिथे त्याने आपले नाव लिहिले, खाली गावाचे. थोडा थांबला, आणि त्याखाली ‘नरसिंव्ह’ असे सोंगाचेही लिहिले.